रेशमाच्या लड्या जीवाणूंच्या रंगाने रंगवता येतील का?

येवलेकर रंगारी (प्रश्नकर्ता)

नमस्कार. येवल्यात पैठणीसाठी लागणारे रेशीम रंगवून देण्याचे आमचे काम आहे आणि ते वडिलांच्या काळापासून चालत आलेले आहे. विणकर कच्चे रेशीम आणून देतात, आम्ही ते सोडा-साबणाच्या पाण्यात उकळून त्याचा डिंक काढतो आणि मग अ‍ॅसिड रंगांत लड्या बुडवतो. गेल्या दोन वर्षांत काही ग्राहक मात्र आवर्जून विचारू लागले आहेत की रंग नैसर्गिक आहे का, आणि सांडपाणी कुठे जाते.

माझी पुतणी सूक्ष्मजीवशास्त्रात एम. एस्सी. करते. तिने महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत लाल रंगाचे जीवाणू वाढवले, त्यांचा रंग अल्कोहोलमध्ये उतरवला आणि छोट्या बाटलीत घालून घरी आणला. थोडे व्हिनेगर घातलेल्या गरम पाण्यात मी तो मिसळला आणि एक लडी त्यात सोडली. तुरटी नाही, मीठ नाही, तरीही अर्ध्या तासात लडीवर असा राणी रंग चढला की घरातले सगळे पाहायला आले. पुढे दोन गोष्टी घडल्या. लडीचा एक भाग साबणाने धुतला तेव्हा तो नारिंगी झाला, आणि उरलेली लडी खिडकीशी टांगून ठेवली होती तिची उन्हाकडची बाजू आठच दिवसांत फिकी पडली.

तेव्हा माझे प्रश्न असे: हा रंग मुळात कच्चाच आहे की माझ्या पद्धतीत काही चुकले? लहान कारखान्यात असे जीवाणू वाढवणे सुरक्षित आणि परवडण्याजोगे आहे का? आणि ज्याला पर्यावरणपूरक म्हणतात, ते हिशेब मांडल्यावर खरोखर तसे ठरते का? जाहिरातींत वाचलेले मला नको आहे. ज्यांनी हे हाताळले आहे किंवा ज्यांचा अभ्यास आहे, त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.


सूक्ष्मजीव-शिक्षक

आपल्या तिन्ही प्रश्नांआधी मला एक प्रश्न विचारावासा वाटतो, आणि तो आपल्या पुतणीला विचारावा: तो जीवाणू नेमका कोणता होता? वर्णनावरून तो सेराशिया मार्सेसेन्स असावा आणि त्याचे रंगद्रव्य प्रोडिजिओसिन असावे, कारण आम्लात गुलाबी-लाल आणि अल्कलीत पिवळट-नारिंगी होणे ही प्रोडिजिओसिनची ओळख आहे. प्रयोगशाळांत हा जीवाणू सहज मिळतो, झटपट वाढतो आणि डोळ्यांना सुखावतो, म्हणून विद्यार्थी प्रथम त्याच्याकडेच वळतात.

त्याचा इतिहास मोठा रंजक आहे. 1819 मध्ये इटलीत पादुआजवळच्या लेन्यारो या गावी दमट उन्हाळ्यात मक्याच्या पिठाच्या लापशीवर रक्तासारखे डाग उमटू लागले आणि गाव घाबरले. बार्तोलोमेओ बिझिओ या औषधतज्ज्ञाने, हा चमत्कार किंवा शाप नसून ओल्या अन्नावर वाढणारा जीव आहे, हे प्रयोगाने दाखवून दिले आणि त्याला सेराशिया हे नाव दिले. अर्थात जीवाणूशास्त्र जन्माला यायच्या आधीचा तो काळ असल्यामुळे बिझिओला ती बुरशी वाटली होती. न्हाणीघरातल्या ओल्या फरशीवर कधीकधी जो गुलाबी बुळबुळीत थर दिसतो, त्यातही पुष्कळदा हाच जीवाणू असतो.

तो घरोघर आढळतो म्हणून निरुपद्रवी आहे, असे मात्र समजू नये. मूत्रनलिका बसवलेले रुग्ण, अतिदक्षता विभागातली नवजात बाळे, प्रतिकारशक्ती खालावलेली माणसे यांना तो गंभीर संसर्ग करतो आणि अनेक प्रतिजैविकांना दाद देत नाही. काही दशकांपूर्वीपर्यंत त्याला निर्धोक मानत असत. 1950 मध्ये अमेरिकी नौदलाने, जैविक हल्ला झाला तर शहर कितपत बळी पडेल हे पाहण्यासाठी, सॅन फ्रान्सिस्कोवर हेच जीवाणू फवारले होते, यावरून त्या काळची समजूत लक्षात यावी. ज्या घरात स्वयंपाक होतो, म्हातारी माणसे आणि मुले वावरतात, त्या घराला लागून असलेल्या कारखान्यात याचे लिटरच्या लिटर संवर्धन करणे मी कुणालाही सुचवणार नाही. पुतणीने आणलेला अर्क अल्कोहोलमधला आणि पेशी गाळून काढलेला असेल तर त्यातून धोका नाही. पण ती गाळणी झाली होती का, हे एकदा विचारून घ्यावे.

याच कुळातला रंग इतर जीवाणूही बनवतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी समुद्रतळाच्या गाळातून मिळवलेल्या व्हिब्रिओ वंशाच्या एका जीवाणूच्या लाल रंगाने रेशीम, लोकर आणि नायलॉन रंगवून 2008 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले आहेत. आपल्याला मात्र मी जांभळ्याचा मार्ग सुचवेन, कारण त्याची सुरुवातच रेशमापासून झालेली आहे. जपानमधल्या त्सुकुबा येथील रेशीम संशोधन संस्थेत अकिरा शिराता आणि सहकाऱ्यांना ओल्या राहिलेल्या रेशीम धाग्यावर निळसर जांभळे डाग दिसले. त्यांनी डाग पडलेला माल फेकून न देता त्यातला जीवाणू वेगळा केला आणि 2000 साली तो जँथिनोबॅक्टेरियम लिव्हिडम असल्याचे प्रसिद्ध केले. त्याच्या व्हायोलासिन या रंगद्रव्याने रेशीम, लोकर, सूत, नायलॉन हे सगळे रंगले. रंग वेगळा काढून त्यात धागा बुडवला तरी चालते, किंवा जीवाणूंसकट पाणी उकळून त्यातच धागा सोडला तरी चालते, हेही त्यांनी दाखवले. दुसऱ्या पद्धतीत द्रावक लागत नाही आणि उकळण्यामुळे जीवाणू मरतात, हे आपल्यासाठी महत्त्वाचे.

व्हायोलासिन बनवणारा क्रोमोबॅक्टेरियम व्हायोलेसियम हा दुसरा जीवाणू उष्ण प्रदेशातल्या माती-पाण्यात राहतो आणि जास्त प्रसिद्ध आहे, पण तो टाळावा. त्याचा संसर्ग क्वचित होतो, मात्र झाला तर रक्तात पसरून जिवावर बेतू शकतो. त्या तुलनेत जँथिनोबॅक्टेरियम सौम्य आहे; त्याची अडचण वेगळी. तो थंडीतला जीव आहे. 25 अंशांच्या आसपास तो खुशीत वाढतो आणि तिशी ओलांडली की कुरकुरू लागतो. येवल्याच्या एप्रिल-मे महिन्यांत त्याच्यासाठी थंड करणारा बीओडी इन्क्युबेटर रात्रंदिवस चालू ठेवावा लागेल, आणि ते वीजबिल आपल्या पर्यावरणाच्या हिशेबात धरावे लागेल. सेराशियालाही 28 ते 30 अंश लागतात. 37 अंशांवर तो उत्तम वाढतो, पण रंग बनवत नाही, त्यामुळे संवर्ध (माध्यमात वाढवलेले जीवाणू) पांढरट राहतो आणि नवखा माणूस बुचकळ्यात पडतो.

तिसरा पर्याय स्ट्रेप्टोमायसीस सीलिकलरचा. पहिल्या पावसानंतर मातीला जो वास येतो तो बऱ्याच अंशी याच वंशातल्या जीवाणूंच्या जिओस्मिनमुळे येतो, आणि प्रयोगशाळेत त्याची थाळी उघडली तरी तोच मृद्गंध दरवळतो. तो अ‍ॅक्टिनोऱ्होडिन हे निळे आणि प्रोडिजिओसिनच्या कुळातले एक लाल अशी दोन्ही रंगद्रव्ये बनवतो. लंडनमधल्या नात्साई ऑड्री चिएझा यांनी याच जीवाणूला थेट रेशमी कापडावर वाढवून त्याची नक्षी उमटवण्याचे काम केले आहे. जीव सुरक्षित, रंग सुंदर. पण तो संथपणे वाढतो, रंग धरायला पाच ते सात दिवस घेतो, आणि त्याचे निळे आम्लात तांबडे होते. रेशीम आम्लातच खुलते, त्यामुळे निळ्याच्या आशेने आपण गेलात तर हाती तांबूस-जांभळे येण्याची शक्यता अधिक.

ज्ञात आणि शुद्ध संवर्ध हवा असेल तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या औद्योगिक सूक्ष्मजीव संग्रहाकडे किंवा चंदीगडच्या एमटीसीसी या सूक्ष्मजीव संग्रहाकडे महाविद्यालयामार्फत मागणी करावी. ओढ्यातून किंवा मातीतून रंगीत वसाहत उचलून ती कोणती आहे हे न तपासता वाढवत सुटू नये, एवढे मी आग्रहाने सांगेन.


कापड-रसायन

मी प्रक्रिया उद्योगात वीस वर्षे रंगांच्या पक्केपणाच्या चाचण्या केल्या आहेत, म्हणून पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नापुरते लिहितो.

आपल्या पद्धतीत काहीही चुकलेले नाही. प्रोडिजिओसिनच्या रेणूत तीन पायरोल कडी एका ओळीत जोडलेली असतात. व्हिनेगरमुळे त्या रेणूवर धनभार येतो आणि रेशमाच्या प्रथिनातले ऋणभारित गट त्याला धरून ठेवतात, शिवाय हा रेणू पाण्यापेक्षा तंतूत राहणे पसंत करतो. म्हणूनच तुरटीवाचून रंग चढला. साबणाच्या अल्कलीत तो धनभार निघून जातो आणि रंग नारिंगी दिसू लागतो. त्या नारिंगी झालेल्या भागाला पुन्हा सौम्य व्हिनेगरचे पाणी द्या. बराचसा राणी रंग परत येईल. रंग उतरला आणि रंग पालटला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ग्राहकाला हा फरक समजावून सांगणे अवघड असले तरी आपल्याला तो ठाऊक असायला हवा.

पैठणी कुणी साबणाने घरी धूत नाही, असे आपण म्हणाल. पण घाम? घामाच्या पक्केपणाची जी प्रमाणित चाचणी आहे ती आम्ल आणि अल्कली अशा दोन्ही प्रकारच्या कृत्रिम घामात घेतली जाते, कारण अंगावरचा ताजा घाम आणि कपड्यात मुरलेला जुना घाम सारखे नसतात. नारिंगीचा धोका काखेशी आणि कमरेशी आहे.

खिडकीतले फिके पडणे हे मात्र खरोखर रंगाचे मरण आहे. ते परत येत नाही. प्रकाशातल्या पक्केपणाला 1 ते 8 असे अंक देतात आणि ते निळ्या लोकरीच्या आठ प्रमाणित पट्ट्यांशी ताडून ठरवतात. 1 म्हणजे जवळजवळ टिकतच नाही, 8 म्हणजे सर्वोत्तम. धुण्याचा पक्केपणा मोजायला 1 ते 5 ही करड्या पट्टीची श्रेणी असते. प्रोडिजिओसिन आणि व्हायोलासिन दोन्ही धुण्यात बरे उतरतात आणि उजेडात मार खातात. जँथिनोबॅक्टेरियमचा जांभळा सूर्यप्रकाशात लवकर विटतो, हे जपानी संशोधकांनीही नोंदवले आहे. तेव्हा श्री. सूक्ष्मजीव-शिक्षक यांची जांभळ्याची शिफारस सुरक्षिततेपुरती मला मान्य आहे, पण टिकाऊपणाचा प्रश्न तिने सुटत नाही.

आता हिशेब. पुढचे आकडे उदाहरणादाखल धरलेले आहेत, पण गणित कुणालाही पडताळून पाहता येईल. समजा, एक किलो रेशमाला दोन टक्के शेड द्यायची आहे, म्हणजे 20 ग्रॅम शुद्ध रंगद्रव्य हवे. समजा, आपल्या संवर्धातून लिटरमागे अर्धा ग्रॅम रंगद्रव्य निघते. म्हणजे 40 लिटर संवर्ध झाला. साधे पोषक माध्यम लिटरला 13 ग्रॅम लागते, तर 40 लिटरला ते अर्धा किलोहून अधिक झाले, आणि त्यात मांसाचा अर्क व पेप्टोन (अर्धवट पचवलेले प्रथिन) असतात हे ‘शाकाहारी रंग’ मागणाऱ्या ग्राहकाला सांगावे लागेल. हे 40 लिटर निर्जंतुक करण्यासाठी 25 अंशांवरून 121 अंशांपर्यंत तापवायला, उष्णता कुठेही वाया जात नाही असे गृहीत धरले तरी, सुमारे साडेचार युनिट ऊर्जा लागते. प्रत्यक्षात ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने जंतू मारणारे यंत्र) त्याच्या कितीतरी पट खातो. मग तीन दिवस संवर्ध हलवत ठेवणारा शेकर, मग पेशी वेगळ्या करणे, मग अल्कोहोल, मग ते अल्कोहोल उडवून परत मिळवणे. एथेनॉल मोठ्या प्रमाणात साठवायचे तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना हवा.

पाण्याचे पाहा. आपण लडीच्या वजनाच्या वीसपट पाण्यात रंगवत असाल, तर एक किलोला 20 लिटर. इथे रंग बनवतानाच 40 लिटर गेले आणि रंगवायचे 20 वेगळे. ‘पाणी वाचवणारा रंग’ हे विधान तेव्हाच खरे ठरते, जेव्हा रंग वेगळा न काढता संवर्धाच्याच पाण्यात कापड रंगवले जाते आणि नंतरचे खळबळणे कमी होते. इंग्लंडमधल्या नॉरिच येथील कलरिफिक्स ही कंपनी, जी 2016 मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधनातून उभी राहिली, ती याच दिशेने काम करते: जनुकीय बदल केलेले सूक्ष्मजीव कापडाशी आणायचे, उष्णतेने त्यांच्या पेशी फोडायच्या आणि आतला रंग थेट तंतूवर बसवायचा. तिथे पाणी आणि रसायने वाचतात हे मला पटते, कारण वाचण्याची जागा दाखवता येते. बाटलीतला अर्क आणून वापरण्यात ती जागा नाही.

आणखी एक गोष्ट कुणी बोलत नाही. व्हायोलासिन आणि प्रोडिजिओसिन हे दोन्ही जीवाणुरोधक आहेत, आणि तो त्यांचा गुण म्हणून सांगितला जातो. पण उरलेले रंगपाणी जैविक सांडपाणी प्रक्रियेत सोडले तर तिथल्या उपयोगी जीवाणूंनाही ते बाधू शकते. नैसर्गिक आहे म्हणून गटारात ओतावे, असे होत नाही.


हिरडा आणि तुरटी

मी वनस्पतिज रंगांत काम करते, त्यामुळे माझे मत एका बाजूला झुकलेले आहे हे आधीच मान्य करते.

येवलेकरांना टिकाऊ नैसर्गिक लाल हवा असेल तर तो भारतात शेकडो वर्षे रेशमावर चढवला जातो आहे आणि तो लाखेचा आहे. पळस आणि कुसुमाच्या झाडांवर लाखेचे किडे वाढवतात. झारखंड-छत्तीसगडात हे मोठ्या प्रमाणावर होते, आपल्याकडे गोंदियाच्या बाजूलाही होते. लाख धुताना जे लाल पाणी निघते त्यातूनच रंग मिळतो, म्हणजे तो मुळात दुसऱ्या उद्योगाचे उपउत्पादन आहे. तुरटीवर तो रेशमाला घट्ट धरतो आणि उजेडात प्रोडिजिओसिनच्या तुलनेत पुष्कळ टिकतो. मंजिष्ठेचेही तसेच. ज्या गोष्टीसाठी आपल्याकडे चांगला रंग आहे, तीच गोष्ट ऑटोक्लेव्ह लावून पुन्हा का करायची, हा माझा रोखठोक प्रश्न आहे. जांभळ्याचे मात्र मला आकर्षण वाटते. सरळ एका बुडवणीत जांभळा देणारे झाड माझ्या कामात मला मिळालेले नाही. आम्ही लाखेवर लोहाचे पाणी देऊन किंवा नीळ आणि लाल एकावर एक चढवून तो साधतो.

थोडे विषयांतर, पण जीवाणूंचेच. पारंपरिक निळीच्या हौदात पूर्वीपासून जीवाणूच काम करतात. नीळ पाण्यात विरघळत नाही. तिला विरघळवण्यासाठी तिच्यातला ऑक्सिजनचा बंध सैल करावा लागतो. कारखान्यात हे काम हायड्रोस हे रसायन करते, ज्याचा वास आणि सांडपाणी दोन्ही त्रासदायक. जुन्या रंगाऱ्यांच्या हौदात चुना असतो, गूळ असतो, दक्षिणेकडे उकडलेल्या टाकळ्याच्या बिया असतात, आणि त्या गोडावर पोसलेले अल्कलीप्रिय जीवाणू निळीला विरघळवून देतात. हौद ‘उठला’ की ‘झोपला’ हे रंगारी वासावरून आणि वर आलेल्या तांबूस फेसावरून ओळखतो. ऑटोक्लेव्ह नाही, शुद्ध संवर्ध नाही, तरी महिनोन्महिने चालतो, कारण चुन्यामुळे नकोसे जीवाणू तिथे टिकतच नाहीत. जीवाणूंकडून रंग बनवून घेण्याआधी, आहे तो रंग चढवण्यासाठी त्यांना कामाला लावणे येवलेकरांना अधिक लवकर जमेल असे मला वाटते. फक्त रेशमासाठी चुन्याचा जोर कमी ठेवावा लागतो, नाहीतर धागा खरखरीत होतो.


बुलढाण्याहून

एक शंका. जून 2020 मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले होते, तेव्हा तेही जीवाणूंमुळेच झाले असे सांगण्यात आले. मग तिथला रंग वापरता येणार नाही का? तो तर फुकट उपलब्ध होता.


सूक्ष्मजीव-शिक्षक

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी करून तो रंग हॅलोआर्किया या मीठप्रिय सूक्ष्मजीवांचा असल्याचे सांगितले. काटेकोरपणे पाहता आर्किया हे जीवाणूंहून वेगळे कुळ आहे. त्या वर्षी पाणी आटून क्षारता वाढली, त्यांची संख्या वाढली आणि त्यांच्यातल्या कॅरोटिनॉइड गटातल्या रंगामुळे सरोवर गुलाबी दिसले. कॅरोटिनॉइड हा गाजराच्या रंगाचा भाऊबंद. तो तेलात विरघळतो, हवेने आणि उजेडाने चटकन विटतो. त्यामुळे कापडापेक्षा खाद्यात त्याला किंमत आहे. पॅराकॉकस जीवाणूपासून काढलेला अ‍ॅस्टॅझँथिन मत्स्यशेतीतल्या माशांना खाऊ घालतात, तो त्यांच्या मांसाला लाली यावी म्हणून.

लोणारच्या पाण्यात स्पायरुलिनाही वाढते आणि तिच्यातल्या फायकोसायनिन या निळ्या रंगाला मिठाईच्या धंद्यात मोठी मागणी आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2013 मध्ये स्पायरुलिनाच्या अर्काला गोळ्या-मिठाई आणि च्युइंगगममधला रंग म्हणून मान्यता दिली. पण ते प्रथिन आहे, साठ अंशांच्या पुढे ते टिकत नाही, म्हणजे रंगभट्टीत निरुपयोगी. शिवाय लोणार अभयारण्य आहे आणि नोव्हेंबर 2020 पासून रामसर स्थळ आहे. तिथून बाटलीभर पाणी उचलायलाही वनविभागाची परवानगी लागते.


येवलेकर रंगारी (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. पुतणीला विचारले. जीवाणू सेराशियाच होता. पेशी सेंट्रिफ्यूजने वेगळ्या करून वरचा अर्कच तिने आणला होता, आणि उरलेल्या थाळ्या तिथेच ऑटोक्लेव्ह केल्या होत्या. तिच्या शिक्षिकांनीही पुढे हे घरी करू नका असेच सांगितले. नारिंगी भागाला व्हिनेगर दिले. कापड-रसायन यांनी म्हटल्याप्रमाणे रंग परत आला, पूर्ण नव्हे, पण ओळखता येईल इतका.

आता माझे मत असे होत आहे की साडीसाठी हा रंग वापरायचा नाही. साडी तीस वर्षे कपाटात राहते आणि सुनेकडे जाते. ती विटली तर लोक मला नावे ठेवतील. पण रेशमी बटवे, पुस्तकातल्या खुणा, चौकटीत काचेआड लावायची लहान वस्त्रे यांच्यासाठी दोन-चार किलो धागा जांभळा करून पाहावा असे वाटते. संवर्ध महाविद्यालयात वाढवायचे, तिथेच उकळून मारायचे, आणि लड्याही तिथेच रंगवायच्या, अशी बोलणी सुरू आहेत. माध्यमाचा खर्च कमी करण्याचा काही उपाय आहे का? आणि निळीबद्दल कुठेतरी वाचले की ती आता जीवाणूच बनवतात. ते खरे आहे का?


सूक्ष्मजीव-शिक्षक

खर्चाबाबत आधी. पेप्टोनच्या जागी शेंगदाण्याची पूड वापरण्याचा प्रयोग चेन्नईच्या अण्णा विद्यापीठातल्या गटाने सेराशियावर करून 2004 मध्ये प्रसिद्ध केला आणि नेहमीच्या माध्यमापेक्षा रंगद्रव्य कितीतरी पटींनी वाढल्याचे दाखवले. दाण्यातली मेदाम्ले त्यामागे असावीत असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याकडे तेलघाण्यावरची शेंगदाण्याची पेंड मिळते, तिच्यात तेलाचा थोडा अंश उरलेलाच असतो. जांभळ्याचे गणित मात्र निराळे आहे. व्हायोलासिनचा प्रत्येक रेणू ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाच्या दोन रेणूंपासून बनतो, म्हणून तिथे प्रथिन महत्त्वाचे आणि साखर बेताची. पेंडीचा काढा गाळून वापरून पाहा, पण घाण्यावरची पेंड बुरशी धरलेली नसावी. मळी स्वस्त आहे, पण तिचा स्वतःचा तपकिरी रंग रेशमावर बसतो आणि जांभळा मळकट होतो.

निळीबद्दल वाचलेत ते खरे आहे आणि जुनेही आहे. 1983 मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅमजेन कंपनीच्या संशोधकांनी सुडोमोनास जीवाणूतली नॅप्थॅलिन पचवणारी जनुके ई. कोलायमध्ये घातली, आणि थाळीवरच्या वसाहती अनपेक्षितपणे निळ्या झाल्या. जीवाणू नीळ बनवत होते. 1990 च्या दशकात जेनेन्कोर या कंपनीने ते कारखान्यापर्यंत नेण्याचा प्रयत्न केला. सोबत तयार होणाऱ्या तांबूस उपद्रव्यांमुळे डेनिमची छटा बिघडत होती. ती अडचण त्यांनी बऱ्याच अंशी सोडवली, पण रासायनिक निळीच्या भावाशी झुंजणे कठीण गेले. 1897 मध्ये बीएएसएफने कृत्रिम नीळ बाजारात आणल्यावर बंगाल-बिहारची निळीची शेती ज्या स्वस्ताईने मोडली, तीच स्वस्ताई जीवाणूंच्याही वाटेत उभी राहिली.

पुढची पायरी मला अधिक मोलाची वाटते. 2018 मध्ये बर्कले येथील गटाने जीवाणूंकडून नीळ न बनवता इंडिकान बनवून घेतले. निळीच्या पानांत असते तेच हे रंगहीन, पाण्यात विरघळणारे द्रव्य. त्यावर साखरेची टोपी असते. कापड त्यात भिजवायचे आणि विकराने ती टोपी काढायची, म्हणजे नीळ तंतूवरच तयार होते आणि हायड्रोसची गरज उरत नाही. परंतु हे सर्व जनुकीय बदल केलेले जीवाणू आहेत. भारतात त्यांना पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे 1989 चे नियम लागू होतात. संस्थेची जैवसुरक्षा समिती आणि त्यावरच्या केंद्रीय समित्यांची संमती लागते. तो रस्ता एका रंगाऱ्याचा नाही. जँथिनोबॅक्टेरियम निसर्गातला, न बदललेला आहे, त्याला हे नियम आड येत नाहीत.


कापड-रसायन

काचेआडच्या वस्त्रांचा विचार चांगला आहे, पण साधी काच बरेचसे घातक किरण आत येऊ देते. चौकट थेट ऊन पडणाऱ्या भिंतीवर लावू नये, हे ग्राहकाला लिहूनच द्या.

पहिल्या घाण्याच्या तीन लड्या बाजूला ठेवा. एक अंधाऱ्या कपाटात, एक दिवाणखान्यात जिथे ऊन थेट पडत नाही तिथे, आणि तिसरी दक्षिणेकडच्या खिडकीत, अर्धी काळ्या कागदात गुंडाळून. प्रत्येकीवर तारीख लिहा आणि शेजारी लाखेने रंगवलेली एक लडीही टांगा, म्हणजे तुलनेला आधार राहील. आठ दिवसांनी, महिन्याने आणि पावसाळा संपल्यावर कागद उलगडून पाहा. पावसाळ्यानंतरची दिवाणखान्यातली लडी आणि कपाटातली लडी यांत डोळ्यांना फरक दिसला नाही, तर बटव्यांची मागणी घ्यायला हरकत नाही. फरक दिसला, तर त्या लड्यांची छायाचित्रे इथे जरूर टाका. ती माझ्या चाचण्यांइतकीच उपयोगी पडतील.


हिरडा आणि तुरटी

लाखेची रंगवलेली लडी हवी असल्यास मी पाठवते. बदल्यात जांभळी एक पाठवा. तिच्यावर फिक्या निळीची एक बुडवणी देऊन, वरचा जांभळा विटला तरी खालचा निळा राहतो का, हे मला पाहायचे आहे.